नव्या मुंबईचा निरोप घेतांना

एखाद्या गांवीं जाण्यापूर्वीं त्याची माहिती करून घ्यावी, असें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. परंतु गांव सोडण्यापूर्वीं तें एकदां नीट पाहून घ्यावें, असें सांगणारें एकही पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यामुळें वाशींतील बिऱ्हाड मोडण्याचा प्रसंग आला तेव्हां काय बांधावें, काय टाकावें, कोणती वस्तु कोणास द्यावी, यांच्या याद्या आम्हीं केल्या. पण ज्या गांवांत चाळिसांहून अधिक वर्षें काढलीं त्या गांवाचें काय करावें, हें कोणत्याच यादींत बसेना. शेवटीं आमच्या घरांतील मंडळींनींच तोड काढली. त्या म्हणाल्या, "पंढरपूर सोडतांना माणूस कळसाचें तरी दर्शन घेतो. आठ दिवस हातीं आहेत. तेवढ्यांत हें गांव एकदां फिरून पाहूं या."

येथें कळस नाहीं, ही अडचण आम्हीं त्यांच्या कानांवर घातली. त्यावर, "कळस नसेल, पण पाण्याची टाकी तर आहे!" असें उत्तर मिळालें. मग मात्र आम्हांस बोलावयास जागा उरली नाहीं.

वाचकांपैकीं कित्येकांस 'गांव' हा शब्द येथें खटकेल. सरकारदप्तरीं नवी मुंबई हें महानगर आहे. १ जानेवारी १९९२ रोजीं तिची महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत पालिकेच्या हद्दींत ११ लाख २० हजार माणसें मोजलीं गेलीं. तथापि येथला मनुष्य लोकलमध्यें पाय ठेवतांना अजूनही "मुंबईस जाऊन येतों" असेंच म्हणतो, आणि स्वतःचें ठिकाण विचारलें तर वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर असें एकेका गांवाचेंच नांव सांगतो. आम्हीही तसेंच सांगत आलों.

सन १९८२ च्या जून महिन्यांत आम्ही येथें राहावयास आलों. तोंपर्यंत आमचें बिऱ्हाड गिरगांवांतील एका चाळींत होतें. दोन खोल्या, पुढें सामाईक गॅलरी, आणि आंत आजीपासून धाकट्या आत्येपर्यंत नऊ माणसें. उन्हाळ्यांत पुरुष गॅलरींत निजत, आणि रात्रीं पाहुणा आला तर एकानें उठून त्यास आपली जागा द्यावी असा रिवाज होता. अशा स्थितींत वाशीस तीन खोल्यांची जागा घेतल्याचें तीर्थरूपांनीं जाहीर केलें, तेव्हां नातलगांत जो हाहाकार उडाला तो त्यांनीं समुद्रोल्लंघन केलें असतें तरी उडाला नसता. खाडीवरचा पूल १९७३ पासून होता. पण जुन्या मुंबईकराच्या मनांत मुंबई शीवेला संपत होती, आणि शीव या शब्दाचा अर्थच मुळीं हद्द! आगगाडी मानखुर्दपर्यंतच येई. पुढें बसगाडी मिळाली तर मिळाली.

मातोश्रींचा या स्थलांतरास विरोध नव्हता, आणि संमति कोणी विचारलीच नव्हती. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, "तेथें हळदीकुंकवास बोलावयाला बायका आहेत ना?" पहिल्याच रात्रीं दिवे गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता, आणि मध्यरात्रीं खाडीच्या कांठच्या कांदळवनांतून कोल्हे ओरडूं लागले. आजीनें अंधारांतच विचारलें, "अरे, आपण कोणत्या गांवीं आलों?" तीर्थरूप म्हणाले, "मुंबईंत." आजी म्हणाली, "ही कसली मुंबई!" त्यानंतर आमच्या घरांत नळास पाणी आलें नाहीं, बस चुकली, भाजी करपली, कांहींही झालें तरी "ही कसली मुंबई!" हाच वाक्प्रचार रूढ झाला.

वास्तविक आजीच्या प्रश्नाचें उत्तर त्यापूर्वीं सतरा वर्षें छापून झालेलें होतें. सन १९६५ मध्यें वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंते शिरीष पटेल, या तिघांनीं 'मार्ग' या नियतकालिकांत एक कल्पना मांडली. मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबट व चिंचोळें. त्यामुळें सकाळीं सारें शहर दक्षिणेस धांवतें आणि सायंकाळीं उत्तरेस परततें. हा ताण हलका करावयाचा असेल तर खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवें शहर वसवावें आणि वाढीचें तोंड पूर्वेकडे वळवावें, असें त्यांचें म्हणणें. सरकारनें तें मानलें. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली. ठाणें व त्या वेळचा कुलाबा अशा दोन जिल्ह्यांतील ९५ गांवांचा सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश तिच्या नियोजनाखालीं आला. शहर एकाच मध्याभोंवतीं गोळा होऊं न देतां चौदा निरनिराळ्या वसाहती कराव्या, प्रत्येकींत शाळा, बाजार, दवाखाना हाताशीं असावा, आणि आगगाडीनें त्या माळेसारख्या ओवाव्या, असा आराखडा होता. तेव्हां आम्ही या शहरास गांवांची ओळ म्हटलें, त्यांत आमचा अडाणीपणा थोडा आणि आराखडा करणारांचा हेतु अधिक आहे.

कागदावर हें सारें फार चांगलें होतें. आधीं सरकारनें आपला कारभार पलीकडे न्यावा, म्हणजे व्यापारी व नोकरवर्ग मागोमाग येईल, असा मूळचा हिशेब. सरकारनें बेलापुरास कोकण भवन बांधलें, इतरांस पलीकडे जाण्याचा उपदेश केला, आणि मंत्रालय होतें तेथेंच ठेवलें. इकडे नरीमन पॉइंटास समुद्र बुजवून नव्या कचेऱ्या उभ्या राहतच होत्या. कर्त्या पुरुषानें मुलासुनांस मळ्यांत राहावयास धाडावें आणि आपण मात्र वाड्यांतली ओसरी सोडूं नये, त्यांतलाच हा प्रकार. आगगाडी वाशीस पोहोंचली ती ९ मे १९९२ रोजीं, म्हणजे सिडको स्थापन झाल्यापासून बावीस वर्षांनीं. तीर्थरूप त्या आठवड्यांत एकदां गाडींत बसून खाडी ओलांडून मानखुर्दास गेले आणि पुढच्या गाडीनें परत आले. काम कांहीं नव्हतें. घरीं येऊन त्यांनीं कोट काढून ठेवला आणि मातोश्रींस म्हणाले, "आतां तुमचें माहेर जवळ आलें."

'नवी' या विशेषणाविषयीं पुष्कळ थट्टा होते. आमचें म्हणणें असें कीं, पुण्याच्या नव्या पुलास शंभर वर्षें उलटलीं तरी तो जर नवा, तर पन्नाशी ओलांडलेल्या मुंबईनें नवी म्हणवून घेण्यांत वावगें काय? खरी मौज निराळीच आहे. येथें शहराचें नांव नवें राहतें आणि घरें मात्र जुनीं होतात. आमची चार मजल्यांची इमारत आतां पाडून तिच्या जागीं मनोरा व्हावयाचा आहे. जाणकार मंडळी त्यास पुनर्विकास म्हणतात. दरम्यान कांहीं वर्षें भाड्याच्या जागेंत काढून, साठी उलटलेल्या दोन माणसांनीं मग विसाव्या मजल्यावर जाऊन राहावें कीं काय, याचा विचार आम्हां भावंडांनीं मिळून केला. जागा धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांकडे राहावी आणि आम्हीं उभयतांनीं वाईस जावें, असें ठरलें. तेथें आमच्या मेहुण्यांच्या वाड्याचा पुढला सोपा रिकामा होता. आम्हीं जन्मभर शाळेंत गणित शिकविलें; संध्याकाळीं चार मुलें जमवून तेंच पुन्हां शिकवावें, असा बेत केला. लोक जुन्या गांवांतून नव्या शहरांत येतात. आम्ही नव्या शहरांतून कृष्णेच्या घाटांवर निघालों, आणि या वयांत आम्हांस नवें असें काय तें वाईच होतें.

असो. फेरीचा पहिला दिवस आम्हीं बाजारास दिला. वाशीलगत तुर्भ्यास कांदेबटाटे, मसाले, धान्य, फळें आणि भाजीपाला यांचे पांच घाऊक बाजार आहेत. मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथल्या गल्ल्यांतून ही उलाढाल १९८० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत क्रमाक्रमानें येथें आली, आणि मग मुंबईच्या घरोघरच्या चुलीचा आरंभ आमच्या गांवांत होऊं लागला. पहांटे गेलों तेव्हां हापुसाचा हंगाम सरत आला होता. पेंढा पसरलेल्या फरशीवर रिकाम्या पेट्या रचल्या होत्या आणि वास मात्र भरल्या पेट्यांचा येत होता. घरांतील मंडळींनीं मसाल्याच्या बाजाराकडे वळून, गरज नसतां, पावशेर दगडफूल घेतलें.

ओझीं वाहणाऱ्या माथाडींत सातारा जिल्ह्याकडील माणसें फार. अण्णासाहेब पाटलांनीं त्यांस संघटित केलें आणि १९६९ सालीं त्यांच्यासाठीं कायदा झाला. त्यामुळें या हमालीस पगार, भविष्यनिर्वाह निधि आणि घर या गोष्टी जोडल्या गेल्या. कोपरखैरण्यास त्यांच्या वसाहती आहेत, आणि आमच्या वर्गांत त्यांचीं कितीतरी मुलें बसून गेलीं. अशाच एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटले. वाईस चाललों असें सांगतांच त्यांनीं डोक्यावरचें पागोट्यासारखें गुंडाळलेलें फडकें काढून हातांत घेतलें आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही पोट भरायला तिथनं हितं आलो. तुम्ही हितनं तिथं चालला. तिथं काय हाय?" मुलांस गणित शिकवूं, असें आम्ही म्हणालों. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजी पोरं शिकून परत हितंच येत्याल." या गणितांत चूक काढणें आमच्यानें झालें नाहीं.

दुसरे दिवशीं बेलापुरास गेलों. पारसिकच्या डोंगरापायथ्याशीं आर्टिस्ट्स व्हिलेज नांवाची वसाहत आहे; ती कोरियांनींच १९८० नंतरच्या दशकांत रचली. तींत मनोरे नाहींत. लहान लहान स्वतंत्र घरें, शेजारच्या भिंतीशीं भिंत लागलेली नाहीं, आणि सात घरांच्या मध्यें एक सामाईक अंगण. प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें व कुटुंबाच्या गरजेप्रमाणें घर वाढवीत न्यावें, शेजाऱ्याची परवानगी मागण्याचें कारण पडूं नये, हें त्यामागचें धोरण. आज तेथें मूळचीं उतरत्या छपराचीं घरें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं दिसतात. बाकीच्यांच्या जागीं दोन-तीन मजल्यांचीं पक्कीं घरें उठलीं आहेत. परगांवचे अभ्यासक तें पाहून हळहळतात. आम्हांस तसें वाटलें नाहीं. घर माणसाबरोबर वाढावें म्हणूनच जें बांधलें, तें वाढलें याबद्दल शोक कसला? अंगणें अजून आहेत. एका अंगणांत एक वृद्ध बाई कोथिंबीर निवडीत बसल्या होत्या. आम्ही कोणास शोधीत आहों, असें त्यांनीं विचारलें. कोणासच नाहीं, निरोप घेण्यास आलों, असें सांगितलें. तेव्हां त्यांनीं आंत हांक मारून चहा ठेवावयास सांगितला. ओळख ना देख.

तिसरे दिवशीं उलव्याच्या बाजूस गेलों, आणि त्या दिवशींची हकीगत सांगतांना हात जरा अडखळतो. पूर्वीं बेलापुराहून आग्नेयेकडे पाहिलें कीं उलव्याची टेकडी दिसे. ती आतां नाहीं. विमानतळासाठीं ती सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, कोंबडभुजे अशीं दहा गांवें उठवून दुसरीकडे वसविलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें व त्याच वर्षींच्या २५ डिसेंबरास विमानें उडूं लागलीं. त्याच अंगास समुद्रावरचा अटल सेतु, २१.८ किलोमीटर लांबीचा, १२ जानेवारी २०२४ रोजीं सुरू झालेला. ज्या मुंबईस जाण्यासाठीं आम्ही बसच्या रांगेंत तास तास उभे राहिलों, ती आतां तेथून घटकेच्या अंतरावर आली आहे. अभिमान वाटावा अशीच ही करणी आहे, आणि तो आम्हांस वाटलाही. मात्र टेकडीच्या जागीं आकाश पाहण्याची डोळ्यांस सवय नव्हती.

परततांना जासईवरून आलों. येथें आणि जवळच्या दास्तान फाट्यावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पांच माणसें मृत्यु पावलीं. मागणी जमिनीच्या मोबदल्याची होती. त्यांतूनच पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यास परत द्यावी, हें तत्त्व मान्य झालें. त्या जानेवारींत आम्ही वाशीसच होतों. येथून तें ठिकाण फार दूर नाहीं. आम्हीं वर्तमानपत्र वाचलें, हळहळलों, आणि शाळेच्या वेळेवर शाळेंत गेलों. त्या दिवशीं वर्गांत काय शिकविलें तेंही आठवत नाहीं. ज्या जमिनीबद्दल लोक मेले तींतलाच एक तुकडा आपल्या पायांखालीं आहे, हें त्या वेळीं मनांत आलें असतें तर बरें झालें असतें. पण तें आलें नाहीं.

तें आलें चौथ्या दिवशीं.

आमच्याकडे जुहूगांवची एक बाई भाजी घेऊन येत असे. मुंबईचें जुहू निराळें. हें वाशीलगतचें, आगरी लोकांचें जुनें गांव. आम्ही सर्व तिला मावशी म्हणत असूं. माठ, अंबाडी, शेवग्याच्या शेंगा असें कांहीं पाटींत असे, आणि पावसाळ्यापूर्वीं एकदां जाडें मीठ. तिचें माहेर उरणाकडचें. तिकडच्या मिठागरांतून तें येई. मातोश्री लोणच्यास तेंच मीठ वापरीत, दुकानच्या मिठास खारटपणा नाहीं असें त्यांचें मत होतें. वाशींत आल्यावर मातोश्रींनीं पहिलें हळदीकुंकू जिला लावलें ती हीच. हें सांगावयास बरें वाटतें. म्हणून दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. आजी होती तोंवर मावशीला पाणी द्यावयाचा पेला निराळा असे, आणि तो उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूस पालथा घातलेला असे. तो केव्हां उचलला गेला आणि घरच्या पेल्यांत मिसळला, हें आम्हां कोणास सांगतां येत नाहीं. मावशीस येत असेल.

मातोश्री गेल्यावरही ती येत राहिली. पुढें गुडघ्यांनीं तिला जिना बंद केला. तिचें घर आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांच्या वाटेवर. चाळीस वर्षांत आम्ही तेथें एकदांही गेलों नव्हतों! मातोश्रींची लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी कोणास द्यावी, असा प्रश्न निघाला तेव्हां घरांतील मंडळी म्हणाल्या, "त्यांत मीठ कोणाचें असे?" मग आम्ही बरणी घेऊन निघालों.

आम्हीं कल्पिलेलें कौलारू घर तेथें नव्हतें. गांवठाणांत दाटीवाटीनें उठलेल्या इमारतींपैकीं ती एक. वर भाडेकरी, खालीं मावशी, मुलगा, सून, नातवंडें. भिंतीवर गांवदेवीचें चित्र, त्याखालीं नातवाचें पदवीदानाचें छायाचित्र. सुनेनें पाणी आणलें. आमची इमारत पाडणार आणि आम्ही गांव सोडणार, असें सांगितलें. मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वयनी, तुमची इमारत हाय ना, तिथं आमचं भाताचं शेत व्हतं. खाजणाचं. तुमचा जिना हाय तिथनं बांध जायचा."

आम्ही अवाक् झालों. इतकीं वर्षें त्याच जिन्यानें ती पाटी घेऊन चढत आली, आणि कधीं अवाक्षर बोलली नाहीं! तसें आम्हीं म्हटलें. ती म्हणाली, "सांगून काय करणार? तुम्ही काय चोरून नाय घेतलं. पैसं भरलंत." आणि मग, आमच्याकडे न पाहतां, "आम्ही कुठं गेलो नाय, पण आमचं गांव गेलं. तुम्ही जाताय तर दुसरं गांव तरी बघाल."

यावर आम्ही काय बोलणार? पहिल्या रात्रीं आजीनें जें विचारलें, आपण कोणत्या गांवीं आलों, त्याचें उत्तर हिला विचारावयास हवें होतें. ज्या रात्रीं आम्ही कोल्ह्यांची ओरड ऐकून नव्या जागेस नांवें ठेवीत होतों, तेव्हां पंधरा मिनिटांच्या अंतरावर ही बाई आपल्या शेतावरचे दिवे पाहत जागी असेल. निरोप घेण्याचा विधि आम्हीं मोठ्या हौसेनें आरंभिला होता. पण आमच्याआधीं कितीतरी वर्षें कोणी तरी, जागचें न हलतां, या गांवाचा निरोप घेऊन बसलेलें होतें.

बरणी मावशीनें उलटसुलट करून पाहिली. "लोणचं आता कोण घालतं? सून पाकिटातलं आणते. तांदूळ ठेवीन," असें म्हणून तिनें ती कोपऱ्यांत ठेवविली. उठतांना आमच्या तोंडून "जातों" असें निघून गेलें. तिनें ताबडतोब दटावलें, "जातो म्हणू नये, मास्तर." मग सुनेस कांहीं खूण केली. सुनेनें कागदाची एक पुडी आणली. पण ती हातांत न देतां उंबऱ्यावर ठेवली, तेव्हांच त्यांत काय आहे तें समजलें. मीठ हातांत देऊं नये, भांडण होतें. घरांतील मंडळींनीं ती पुडी उचलून पदराच्या टोंकांत बांधली.

पुढील दिवसांची हकीगत लांबविण्यांत अर्थ नाहीं. एके सायंकाळीं सीवूड्सच्या तळ्यावर रोहित पक्षी पाहावयास गेलों. हिंवाळ्याच्या सुमारास ते गुजरातेकडून येतात व पावसापूर्वीं परततात. ठाण्याची खाडी २०१५ पासून त्यांचें अभयारण्य आहे; २०२२ सालीं तिचा रामसर यादींत समावेश झाला. कांहीं थोडे गुलाबी ठिपके दूर उरले होते. बाकीचे आधींच गेले होते.

सामान बांधतांना स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा सांपडल्या. आमच्या मुलांची व पुतण्यांची उंची दर गुढीपाडव्यास तेथें मातोश्री नोंदवीत. सर्वांत खालची रेघ आजीची निघाली! मुलांच्या हट्टास्तव ती एकदां भिंतीशीं उभी राहिली असणार. वांकल्यामुळें ती दहा वर्षांच्या नातवाएवढी भरली होती.

आजी वारली ती १९८७ च्या जुलैंत, मध्यरात्रीं. पावसानें वाहनें बंद. गिरगांव, दादर, ठाणें येथले नातलग सकाळपर्यंत पोहोंचणें शक्य नव्हतें. तीर्थरूपांनीं शेजारचें दार वाजविलें. खांदा देणाऱ्या चौघांत घरचे आम्ही एकटे. बाकीचे तिघे म्हणजे एक पालघाटचे, एक कच्छचे आणि एक अहमदनगरकडचे. आमच्या रीतीची त्यांस माहिती नव्हती. काय करावयाचें तें ते हळू आवाजांत विचारीत होते आणि सांगितलें तसें करीत होते. स्मशानांतून परत आल्यावर पालघाटकरांच्या बाईंनीं पिठलें-भात आणून दिला. पिठल्यांत त्यांनीं नारळ घातला होता. त्या दिवसापासून "ही कसली मुंबई" हा शब्द आमच्या घरांत कोणीं उच्चारल्याचें आठवत नाहीं.

पालघाटकर व कच्छकर आपापल्या मुलांकडे केव्हांच गेले. निघण्याच्या सकाळीं जिन्यांत उभीं राहिलेलीं माणसें बहुतेक नवीं होतीं, आणि तींही महिनाभरांत इमारत सोडणार होतीं. त्यामुळें कोणास कोणी पोहोंचवावें, असाच घोळ होता. टेंपो पुढें गेला. आमच्या पुतण्यानें गाडी काढली.

वाईस जाणारा रस्ता पनवेलवरून जातो. खाडीचा पूल वाटेंत लागत नाहीं. आम्ही आलों त्या पुलावरून. जातांना मात्र तो पाठीमागेंच राहिला. आतां तेथें तीन पूल झाले आहेत, आणि आम्ही आलों तो त्यांतला कोणता, हें पुतण्यास समजावून सांगण्यांत नेरूळपर्यंतचा वेळ गेला. त्या आधीं, आमच्या सेक्टरांतून बाहेर पडतांना, घरांतील मंडळींनीं गाडीची कांच खालीं करून पाण्याच्या टाकीकडे पाहिलें आणि हात जोडले. आम्ही हंसलों नाहीं.

वाईस पोहोंचल्यावर दुसरे दिवशीं मिठाची पुडी सोडली. मीठ जाडें नव्हतें. तें बारीक, पांढरें, कोणत्याही वाण्याकडे मिळतें तसें पाकिटांतलें होतें. मेहुण्यांची सून जवळच होती. तिनें विचारलें, "आत्याबाई, वाईला मीठ मिळत नाहीं असें वाटलें कीं काय तुम्हांला?" घरांतील मंडळींनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं एक लहान बरणी मागून घेतली, धुऊन उन्हांत वाळविली, आणि तें मीठ तींत भरून फडताळांत वरच्या फळीवर ठेवलें.